तारेचं देणं

वडिलांनी घोडी कधी मोकळी सोडली नाही. वरातीची घोडी ती. लग्नसराईत परंड्यात आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवर तिला मागणी असायची. एरवीचे महिने ती गोठ्यापुढच्या निंबाखाली अगाडी-पिछाडीत उभी. पुढचे दोर मोरकीला, मागचे मागच्या पायांना, चारी बाजूंना खुंट्या. खरारा वेळेवर, पाणी वेळेवर, तोबऱ्यातला भिजवलेला हरभरा कधी चुकला नाही. वडिलांची तिच्यावर माया नव्हती असं कुणी म्हणणार नाही. पण तिला लोळावंसं वाटलं, तर दोर सोडेपर्यंत वाट बघावी लागायची.

मी पुढं काही वर्षं पुण्याकडं चाऱ्याच्या गाड्यांवर काम केलं. एका स्टड फार्मवर लसूणघास टाकायला जायचो. तिथं पांढऱ्या रंगाच्या लाकडी आडव्यांच्या आवारात घोड्या शिंगरांसकट मोकळ्या चरत असायच्या. ते दृश्य डोक्यात बसलं. परत गावी आलो, बार्शी रोडकडच्या रानात वडिलांची घोडी राणी आणि आणखी दोन घोड्या घेऊन तसंच करायचं ठरवलं. मला तिथं दिसलं होतं ते कुंपण. रोज सकाळी हातोडी घेऊन कुंपणाला फेरी मारणारी माणसं, मोजून टाकलेला चारा, वेळच्या वेळी होणारं जंतनाशक यातलं काहीच मी बघितलं नव्हतं. गाडी रिकामी झाली की निघायचो.

बाभळीचे डांब रोवले, निलगिरीचे वासे आडवे ठोकले, चुना मारला. वडील बांधावर उभे राहून बघत होते. म्हणाले, "चांगलं दिसतंय." त्यांच्या बोलण्यातलं 'दिसतंय' मला तेव्हा ऐकू आलं नाही.

घोडं कुंपण कसं मोडतं हे ज्यानं पाहिलं नाही त्याला वाटतं, ते धडक मारत असेल. तसं क्वचितच होतं. घोडं रोज थोडं थोडं मोडतं. पलीकडं शेजाऱ्याचा मका वाढला की राणी मान वरच्या वाशावरून बाहेर काढायची आणि छाती टेकवून उभी राहायची. तीन-साडेतीनशे किलोचं जनावर नुसतं टेकलं तरी खिळा दर दिवशी केसभर बाहेर येतो. दुसरी घोडी पाठ वळवून शेपटीचा बुंधा डांबावर घासायची, डोळे अर्धे मिटून, लयीत. पावसाळ्यात जमीन मऊ झाली की तो डांब दातासारखा हलायला लागायचा. तिसरीला लाकूड खायची खोड. वाशाची वरची कड ती अशी कुरतडायची की लांबून करवतीचे दाते दिसावेत. आणि नव्या घोडीला वेगळ्या कप्प्यात ठेवलं, तर दोघी कुंपणाच्या दोन बाजूंनी उभ्या राहून नाक हुंगायच्या, किंचाळायच्या आणि पुढच्या पायाने लाथ झाडायच्या. मधला वासा गेलाच.

मी काय करायचो? वासा मोडला की त्याहून जाड वासा. डांब हलला की शेजारी दुसरा डांब. किल्ल्याच्या गावचा माणूस मी. लहानपणापासून खंदक, दुहेरी तट आणि बुरूज बघत आलेला. अडवायचं म्हणजे जाड करायचं, हेच मनात. खरं तर आमचा किल्ला बघूनही शहाणपण यायला हवं होतं. एवढे तट असून मुलुख-ए-मैदान तोफ इथूनच विजापूरला गेली, ती अजून तिथंच आहे.

शेवटी काटेरी तार आणली. वाशांच्या आतून दोन पदर ताणले. घोड्या दोन दिवस लांब राहिल्या आणि मला वाटलं, सुटलो. मग एका रात्री रस्त्यानं वरात चालली होती, फटाक्यांची माळ फुटली, घोड्या उधळल्या आणि राणीचा पुढचा पाय तारेत गेला. बैल अडकला तर बहुधा थांबतो. घोडं थांबत नाही, ओढतं. जितकं ओढेल तितका काटा आत जातो. मी बॅटरी घेऊन पोचलो तेव्हा गुडघ्याखालची कातडी लोंबत होती.

सरकारी दवाखान्यातले डॉक्टर रात्रीच आले. आधी धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. घोड्याइतका धनुर्वाताला बळी पडणारा दुसरा पाळीव प्राणी नाही, हे मला त्यांच्याकडून कळलं. जखम धुताना मला एकदाही टाकून बोलले नाहीत. निघताना एवढंच म्हणाले, "ही तार उद्या काढा. आणि पुढं काही लावायच्या आधी कुणाला तरी विचारा." कुणाला, ते त्यांनी सांगितलं नाही. मला ती माणसं दोन ठिकाणी भेटली. दोघांनाही शाळेचा फारसा गंध नव्हता.

पहिले आबा. धनगर. दर उन्हाळ्यात आमच्या रानात त्यांच्या मेंढ्या खतासाठी बसायच्या. त्यांच्याबरोबर सामान वाहणारी दोन ठेंगणी, काटक घोडी असायची. अशाच घोड्यांना आता भीमथडी म्हणून स्वतंत्र जातीची नोंद मिळाली आहे; तेव्हा आम्ही त्यांना नुसतं तट्टू म्हणायचो, थोडं नाक मुरडून. आबा राणीचा पाय बघायला आले आणि कुंपणाशी बसले. मग विचारलं, "ही घोडी सकाळी मोडती का दिस कलल्यावर?"

मला सांगता येईना.

"आनि ती मागं घासती ती? जंताचं औषद कवा दिलंतं?"

तेही आठवेना. कुंपणाचे वासे किती बदलले याचा हिशेब माझ्याकडं होता, घोड्यांचा नव्हता. आबांनी मला संध्याकाळी रानात बसायला लावलं. बसल्यावर दिसलं की लाकूड खाणारी घोडी वैरणीच्या वेळेआधी खाते. मी सकाळ-संध्याकाळ दोन वेळा कडबा टाकायचो आणि मधले तास तिच्या तोंडाला काम नसायचं. घोड्याचं पोट लहान. त्याला सारखं थोडं थोडं चघळायला लागतं. 2016 चा उन्हाळा मला आठवला. मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी गेलं ते वर्ष. कडब्याची पेंढी परवडेनाशी झाली म्हणून मी वैरण तोडली होती, आणि त्याच उन्हाळ्यात वरचे वासे सगळ्यात जास्त कुरतडले गेले होते. मी तेव्हा घोडीला खोडकर म्हणत होतो. ती उपाशी होती.

शेपटी घासणारी जंतनाशक दिल्यावर बरीचशी शांत झाली. तेवढ्यानं एक डांब वाचला.

रात्री आबांच्या मेंढ्या वाघरीत असायच्या. वाघूर म्हणजे काठ्यांना अडकवलेली जाळी, दुसरं काही नाही. एखाद्या एडक्यानं मनावर घेतलं तर ती आडवी व्हायला वेळ लागणार नाही. मी आबांना विचारलं, मेंढ्या ही पाडत कशा नाहीत? ते म्हणाले, "कोकरू हाय तवापसनं तिला आतच ऱ्हायची सवय. वाघूर नुसती आठवन करून देती." जरा थांबून म्हणाले, "आनि भाईर कुत्रं हायच की."

हे वाक्य मी विसरलो नाही, पण लगेच सुधारलो असंही झालं नाही. मका पलीकडं होताच, राणीची मान बाहेर जातच होती. मी मनाशी ठरवलं की साध्या तारेत रात्रीपुरता घरचा करंट सोडायचा. आमच्याकडं रानडुकरांसाठी असं करणारे होते, आजही आहेत. वायर आणायला बसस्टँडकडच्या मोटार वाइंडिंगच्या दुकानात गेलो. पाणबुडी मोटारी जळाल्या की तालुक्यातले शेतकरी तिथंच येतात. दुकान चाचांचं.

चाचांनी विचारलं, वायर कशाला? मी सांगितलं. त्यांनी हातातली कॉइल खाली ठेवली आणि वायरचं बंडल परत मागं सरकवलं.

"बेटा, घरचा करंट धरला की सोडत नाही," ते म्हणाले. "हात उघडावा असं मनात येतं, पण स्नायू आवळलेला असतो. घोडं मरेल. घोड्याआधी पहाटे पाणी धरायला आलेला माणूस मरेल." अशी माणसं आपल्या राज्यात दर वर्षी मरतात. रानात तार टाकणारा तुरुंगात जातो, सदोष मनुष्यवधाचा गुन्हा लागतो, वीजचोरीचं 2003 च्या कायद्यातलं कलम 135 वेगळंच. पण चाचांनी कलम सांगितलं नाही. त्यांनी मला स्टुलावर बसवलं आणि दुरुस्तीला आलेलं एक झटका मशीन उघडून दाखवलं.

त्या दुपारी मी जे शिकलो ते अजून माझ्या पोटापाण्याला पुरतं आहे. बॅटरी बारा व्होल्टची, वर सौर पॅनेल. मशीनच्या आत एक कपॅसिटर. तो हळूहळू भरतो, जसा नळाच्या धारेनं हौद भरावा, आणि मग एकदम रिकामा होतो. त्या धक्क्याचे ट्रान्सफॉर्मर पाच-आठ हजार व्होल्ट करतो. आकडा ऐकून मी मागं सरकलो, तेव्हा चाचा हसले. व्होल्ट किती यापेक्षा किती वेळ, हे बघायचं. घरची वीज 230 व्होल्टची, पण अखंड. झटका एका सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळ टिकतो, आणि दोन झटक्यांत किमान एक सेकंदाचं अंतर असतं. त्या सेकंदात जनावर मागं होतं. चाचांचं सगळं म्हणणं त्या एका सेकंदावर उभं होतं.

मग त्यांनी गटाराकाठचं गवताचं एक हिरवं पातं तोडलं, मशीनला जोडलेल्या तारेवर टेकवलं आणि माझ्या हातात दिलं. बोटाला टिचक्या बसल्या. "आता पातं मागं धर, बोट तारेजवळ ने." टिचक्या वाढल्या. "आता नुसतं बोट." मी नको म्हणालो. चाचा म्हणाले, घोड्याला लावायचं असेल तर आधी तू. लावलं. कोपरापर्यंत सणकन गेलं, आणि सुटलं. सुटलं, हे महत्त्वाचं. दुसऱ्यांदा बोट न्यायला मन धजेना. आबांच्या वाघरीचा अर्थ मला तेव्हा नीट लागला.

तार कशी लावायची हे त्यांनी रानात येऊन सांगितलं. काटेरी तारेत वीज कधीच नाही. अडकलेलं जनावर सुटू शकत नाही आणि झटके बसतच राहतात. जुने वासे तसेच ठेवायचे, त्यांच्या आत हातभर अंतरावर इन्सुलेटरवर घोड्याच्या छातीच्या उंचीला एक पदर. म्हणजे घोडं लाकडापर्यंत पोचायच्या आधी तारेशी भेटतं, आणि लाकूड फुकट वाचतं. बारीक तार पळत्या घोड्याला दिसत नाही, म्हणून रुंद पांढरी पट्टी बरी. ती तेव्हा आमच्याकडं मिळेना, तर वडिलांच्या जुन्या धोतराच्या चिंध्या हातहात अंतरावर बांधल्या. पाण्याची टाकी तारेपासून लांब. कोपरे अरुंद नकोत, दुबळं घोडं तिथं कोंडलं जातं.

वडील मात्र नाराज होते. जनावराला शॉक देणं त्यांना पाप वाटत होतं, आणि तसं वाटणारी माणसं मला आजही चुकीची वाटत नाहीत. मी त्यांच्याशी वाद घातला नाही, कारण माझ्याकडं उत्तर नव्हतं.

पहिल्या दिवशी भर दुपारी, आम्ही सगळे उभे असताना, राणीला आत सोडलं. ती चिंधीकडं चालत गेली, मान पुढं केली, नाकपुड्या फुगवल्या आणि ओलं नाक तारेला लावलं. टक्. चारी पाय एकदम मागं. फुरफुरली, शेपटी उभारून एक चक्कर मारली, आणि मग मधोमध उभी राहून त्या धोतराच्या चिंधीकडं बराच वेळ बघत राहिली. दुसरी घोडी हे सगळं पाहत होती. तिला मात्र स्वतः नाक लावल्याशिवाय पटलं नाही. त्यानंतर संध्याकाळी राणी मैदानाच्या मध्यावर बसली, आडवी झाली आणि या कुशीवरून त्या कुशीवर लोळली. वडील काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी पिछाडीचे दोर गुंडाळून माळ्यावर टाकले. नालबंद येतो तेव्हा अजून लागतात, म्हणून जाळले नाहीत.

मे महिन्यात सगळं बिघडलं. मशीन टकटक करतंय, दिवा लागतोय, आणि राणी तारेवरून मान काढून उभी. मला वाटलं, मशीन गेलं. चाचा आले, त्यांनी मशीनकडं पाहिलंही नाही. "अर्थिंग कुठं दिलंस?" मी गोठ्यामागच्या मुरमाड जागेत ठोकलेला एकुलता एक पाइप दाखवला. चाचांनी डोक्याला हात लावला. तारेतून घोड्यात, घोड्यातून खुरात, खुरातून मातीत आणि मातीतून परत मशीनकडं, एवढी वाट पुरी झाली तरच झटका बसतो. आमची काळी जमीन उन्हाळ्यात तडकते, खूर कोरडा, मुरूम कोरडा, वाटच तुटलेली. मी सगळा पैसा तारेवर घातला होता आणि अर्धी तार तर जमीनच होती.

मग न्हाणीचं सांडपाणी जिथं मुरतं तिथं अंतराअंतरावर तीन लांब पाइप ठोकले, भोवती कोळसा आणि मीठ घातलं. घराच्या अर्थिंगपासून मुद्दाम लांब. आणि कोरड्या दिवसांसाठी झटक्याच्या तारेखाली दुसरी एक तार थेट अर्थिंगला जोडली. घोड्यानं दोन्हींना एकदम स्पर्श केला की मातीची गरज उरत नाही. पावसाळ्यात उलट त्रास. हरळी वाढून तारेला टेकते आणि वीज गवतातूनच जमिनीत जाते. म्हणजे पावसाळ्यात विळा, उन्हाळ्यात घागर. स्टड फार्मवरची सकाळची फेरी माझ्या वाट्याला अशी आली.

बऱ्याच पुढं भाच्यानं मला या तारेचा पूर्वज सांगितला. 1930 च्या दशकात न्यूझीलंडमध्ये बिल गॅलगर नावाच्या शेतकऱ्याचा घोडा त्याच्या मोटारगाडीला अंग घासायचा. घोड्याचं नाव जो. वैतागून त्यानं गाडीला अशी जोडणी केली की घोडा घासायला लागला आणि गाडी हलली की झटका बसावा. त्यातून कुंपणाची यंत्रं निघाली, कंपनी झाली. तिथल्याच रुआकुरा संशोधन केंद्रातल्या डग फिलिप्स यांनी 1962 मध्ये त्यात सुधारणा केली, तेव्हापासून थोडं गवत टेकलं तरी दम न सोडणारी लांब कुंपणं शक्य झाली. म्हणजे हा सगळा उद्योग सुरू झाला तो अंग घासणाऱ्या एका घोड्यापासून. मी चाचांना हे सांगितलं. ते म्हणाले, "त्याच्या घोड्यालाही जंत झाले असतील." चाचांना आबांची गोष्ट मीच कधीतरी सांगितली होती.

यातलं कुणाचं ऋण किती, असं वाटून देता येत नाही. मात्र एक सांगावंसं वाटतं. तार लावून वैरण तोडणारे लोक मी नंतर पाहिले. घोडं मग लाकूड खात नाही, पण शेजारच्याची शेपटी खातं, माती चाटतं, एका जागी उभं राहून डोकं हलवत बसतं. तारेनं फक्त लाकूड वाचवलं. आबांनी ते संध्याकाळचं बसणं लावलं नसतं तर मीही त्याच रांगेत असतो. आता कडबा दोन वेळांऐवजी चार वेळा पडतो, आणि एकटं घोडं कधी ठेवत नाही.

तारेनं मला धंदाही दिला, हे लपवण्यात अर्थ नाही. मोकळ्यात वाढलेली शिंगरं मी अकलूजच्या घोडेबाजारात नेतो. गिऱ्हाईक आधी भोवरे बघतं, देवमण आहे का विचारतं, मग खाली बसून चारी पायांवरून हात फिरवतं. जुना व्रण लागला की भाव पडतो. राणीच्या पायावरचा व्रण अजून आहे, केस पांढरे उगवलेत तिथं. तिला मी बाजारात कधी नेली नाही. तिच्या शिंगरांच्या पायांवरून मात्र हात कुठंही न अडकता खाली येतो.

आबांच्या मेंढ्या अलीकडं आमच्याकडं बसत नाहीत, त्यांची मुलं दुसऱ्या कामाला लागली. चाचांची नजर कमी झाली. बारीक कॉइल आता त्यांची मुलगी भरते, चाचा शेजारी बसून वेढे मोजतात.

गेल्या पावसाळ्यात वस्तीवरचा एक पोरगा मोटारीची केबल खांद्यावर टाकून माझ्याकडं आला. डुकरं मका उकरतात, रात्री करंट सोडायचा, जोडून द्या म्हणाला. मला समजावता आलं असतं, पण मी त्याला गाडीवर बसवलं आणि दुकानात नेलं. चाचांनी स्टूल पुढं केलं. मुलीनं त्याला पहिलाच प्रश्न विचारला, अर्थिंग कुठं देणार? त्याला उत्तर येईना. माझं जुनं मशीन घरी पडून होतं, ते मी त्याला दिलं. कपॅसिटर बदलायचे पैसे तिनं त्याच्याकडून रोख घेतले. चाचा तेवढे पैसे सोडून दे म्हणत होते, तिनं ऐकलं नाही.